मायनं धुतलेल्या काचा

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधात माझी माय आहे, पण ती कुणाला सापडायची नाही. शेवटी तक्ते जोडले आहेत, त्यातल्या एकात अठ्ठावन्नाव्या ओळीत ती बसली आहे. व्यवसाय शेतमजुरी, दारात एक म्हैस, तांबड्या पेशी लहान आणि फिक्या. त्यापुढच्या रकान्याचं नाव 'आहारात दूध' आणि त्यात लिहिलंय 'रोज'. ते खोटं आहे. लिहिताना मला ते माहीत होतं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी औरंगाबादला प्राणिशास्त्रात संशोधन करत होते आणि आमच्या सरांच्या डोक्यात एक खूळ शिरलं होतं. पेशी एकटी जगत नाही, असं ते म्हणायचे. पेशीला शरीर असतं, शरीराला घर असतं, घराला गाव असतं. मग नुसती पेशी बघून काय कळणार? विभागातले बाकीचे लोक हसायचे. सरांनी मात्र समाजशास्त्राच्या विभागाशी बोलणं करून टाकलं. दुष्काळी भागातल्या मजूर बायांचं रक्त आम्ही तपासायचं आणि त्या काय खातात, कधी खातात, कुणाच्या नंतर खातात हे समाजशास्त्रवाल्यांनी विचारायचं. कागदावर हे फार शोभून दिसलं. प्रत्यक्षात मला आणि समाजशास्त्राच्या एका मुलीला दोन पिशव्यांसकट एसटीत बसवून दिलं.

ती पुण्याची, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणायचे. तिचा फॉर्म अकरा पानांचा होता. नाकापेक्षा मोती जड, असं मी तिला पहिल्याच दिवशी सुनावलं.

"माझं एका टोचणीत काम होतं," मी म्हणाले. "तुमच्या शास्त्रात माणसं बोलतात, म्हणून तुम्हाला खरं काही कळत नाही."

"आणि तुमच्या शास्त्रात कुणीच बोलत नाही," ती म्हणाली, "म्हणून तुम्ही स्वतःला फार शहाणे समजता."

त्यानंतर आमचं जमलं. येरमाळ्याच्या बाजूची दोन गावं आम्ही केली. तिथल्या बाया आम्हाला बघून म्हणायच्या, "आल्या बघा. एक बोटाला टोचती आन दुसरी काळजाला." ताईला हे इतकं आवडलं की तिनं ते वहीत टिपून ठेवलं.

तिसरं गाव दूध सोसायटीचं हवं होतं. ज्या गावात डेअरी आली तिथं दूध गावाबाहेर जातं, मग बायांच्या वाट्याला उरतं का, हा ताईचा प्रश्न होता. मी म्हटलं, आमच्या गावात आहे की डेअरी, परंड्यापासून लांब नाही, राहायची सोय घरीच होईल. बोलून गेले आणि लगेच पस्तावले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आमचं घर म्हणजे बौद्धवस्तीतलं शेवटचं, दोन खणांचं, पत्र्याचं. दादा, म्हणजे माझे वडील, बार्शीकडं एका सहकारी साखर कारखान्यावर वॉचमन होते, महिन्यातून एकदा यायचे. घरात माय एकटी आणि दारात म्हैस. पुण्याची मुलगी तिथं राहील का, जेवेल का, ह्याची मला धास्ती होती. ताई आली, चप्पल काढून सरळ चुलीपुढं जाऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, भूक लागलीय."

माय हरखली. तिनं हुलग्याचं माडगं केलं होतं, भाकरी होती, ठेचा होता. ताई जेवली ती माझ्यापेक्षा दोन घास जास्तच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायनं एक गोष्ट केली, तिचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. म्हशीची धार काढली, सगळं दूध किटलीत घेतलं आणि ती डेअरीवर गेली. तिथं सगळं कॅनमध्ये ओतलं. मग त्याच कॅनमधून पाव शेर दूध विकत घेऊन घरी आली आणि ताईच्या चहात घातलं. मी पोट धरून हसले.

"माय, अगं घरचं दूध ओतून आलीस आणि तेच विकत आणलंस? द्राविडी प्राणायाम कशाला?"

"तुला न्हाय कळायचं," माय म्हणाली. "चा घ्या ताई, निवंल."

ताई हसली नाही. तिनं कप खाली ठेवला आणि वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, समाजशास्त्रवाल्यांना कशाचंही अप्रूप असतं. माय स्वतः कोरा चहा प्यायली. आमच्या घरी चहा कोराच असायचा, त्यामुळं त्याकडं माझं लक्षही गेलं नाही.

शाळेला सुट्ट्या होत्या. शाळेच्या ओट्यावर मी काचा मांडल्या. बोटाला स्पिरिट लावायचं, टोचायचं, थेंब काचेवर घ्यायचा आणि दुसऱ्या काचेच्या कडेनं तो अलगद पुढं ढकलायचा. पातळ, सारखा थर झाला पाहिजे. माय बाजूला बसून बघत होती. "घर सारवल्यागत करायलीस गं," ती म्हणाली. इतकं अचूक वर्णन मला नंतर कुठल्या पुस्तकात मिळालं नाही.

वस्तीतल्या बाया आल्या, मग हळूहळू वरच्या आळीच्या आल्या. ह्याच बायांनी माझ्या लहानपणी माझ्या ओंजळीत वरून पाणी ओतलं होतं. आता त्या आपलं बोट माझ्या हातात देत होत्या आणि मला ते धरावंच लागत होतं. काहींचं बोट जरा आखडायचं. ते टोचणीच्या भीतीनं की कशानं, हे माझ्या सूक्ष्मदर्शकातून दिसणार नव्हतं. वरच्या आळीची एक म्हातारी होती, तिला सगळं गाव थोरल्या बाई म्हणायचं. तिनं बोट दिलं, कापूस दाबून धरला आणि उठता उठता मोठ्यांदा म्हणाली, "आता घरी जाऊन आंगुळ कराया पायजे. पर पानी कुठंय? ऱ्हाऊ दे तशीच."

सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या उन्हाळ्यात गावाला टँकर येत होता आणि आडाचा तळ दिसत होता. दुष्काळानं जे केलं ते चांगल्या चांगल्या उपदेशांना जमलं नव्हतं. तरी ते वाक्य दिवसभर माझ्या कानात राहिलं.

दोन दिवसांत पंचावन्न काचा झाल्या. आता त्या लवकरात लवकर मिथेनॉलमध्ये बुडवायच्या होत्या, म्हणजे रक्ताचा थर काचेवर पक्का बसतो. बाटली उघडली तर तळाशी चमचाभर उरलेलं. बूच नीट लावलं नव्हतं, सगळं उडून गेलं होतं. चूक माझी. परंड्याच्या कॉलेजातल्या एका ओळखीच्या शिक्षकाकडं मिळालं असतं. मी काचा सुपात ओळीनं मांडल्या, वर पांढरं धोतर टाकलं, मायला म्हटलं, "ह्याला हात लावू नको." निदान मला तसं म्हटल्याचं आठवतं. माय म्हणायची, तू काहीच बोलली नाहीस, पळत एसटी गाठलीस. मायचंच खरं असणार.

ताई आणि मी परंड्याहून परतलो तेव्हा दुपार टळली होती. माय दारात बसली होती, खुशीत. सूप तिच्या पुढ्यात होतं. सुपात पंचावन्न काचा होत्या, लखलखीत, एकावर एक रचलेल्या. शेवटची ती पदरानं पुसत होती.

"काचांला लई रगत लागलं व्हतं गं," ती म्हणाली. "मुंग्या लागायल्या व्हत्या. म्हनलं लेकीच्या कामाच्या वस्तू हायेत, राखंनं घासून ठिवाव्या. बघ कशा झाल्यात."

माझ्या तोंडून शब्द फुटला तो नको तो फुटला.

"दोन दिवसांचं काम मातीत घातलंस! अडाणी ती अडाणीच राहिलीस!"

वस्तीतल्या दोन-चार बाया दारात आल्या. माय हातातली काच धरून तशीच बसली. तिच्या बाजूला दोन रिकाम्या घागरी होत्या. ज्या दिवसांत एका घागरीसाठी बाया उन्हात ताटकळत उभ्या राहायच्या, त्या दिवसांत तिनं दोन घागरी माझ्या काचांवर घातल्या होत्या. मला ते दिसलं. दिसूनही मी थांबले नाही, आणखी काय काय बोलले. ताईनं शेवटी दंड धरून मला बाहेर नेलं.

तो दिवस मला परत हवा आहे. आयुष्यातला एकच दिवस मागायची मुभा असेल तर मी पदवीचा मागणार नाही, नोकरीचा मागणार नाही. ती दुपार मागेन. दारात येईन, सूप बघेन आणि म्हणेन, "लई झ्याक झाल्यात गं माय." काचांचं पुढं बघता आलं असतं.

सकाळी उठले तर माय घरात नव्हती. मला वाटलं, डेअरीवर गेली असेल. ऊन चढलं तरी आली नाही. मग ओट्यावर बाया जमायला लागल्या. वस्तीतल्या आल्या, वरच्या आळीच्या आल्या, मागच्यापेक्षा दोन जास्तच. माय घरोघर फिरली होती. ज्या घरांच्या उंबऱ्याशी ती कधी गेली नव्हती तिथंही गेली होती आणि अंगणात उभी राहून म्हणाली होती, "माझ्या हातनं चूक झाली, लेकीचं काम बिघडलं. पुन्यांदा एकडाव बोट द्या." थोरल्या बाईंनी मला बोट देताना सांगितलं, "तुझ्या मायला बोलू नगंस. आमच्यातल्या कुनाला कळलं आस्तं ते रगत ठिवायचं आस्तंय म्हनून? म्या बी धुतल्याच आस्त्या."

सगळ्यांचं झालं. शेवटी माय समोर येऊन बसली आणि बोट पुढं केलं.

"घरच्या माणसाचं घेत नाहीत," मी म्हणाले. राग अजून नाकावरच होता.

"का? आमच्यात रगत न्हाय व्हय?"

ताई म्हणाली, "घे. मी फॉर्म भरते." मी मायचं बोट धरलं. कातडी इतकी जाड की दोनदा टोचावं लागलं. बहात्तरच्या दुष्काळात तिनं खडी फोडली होती, तेव्हापासून ते हात तसेच होते. थेंब आला तो पाणचट. मी तो काचेवर घेतला, काच मिथेनॉलमध्ये बुडवली आणि तिच्यावर अठ्ठावन्न लिहिलं.

ताईनं विचारलं, "मावशी, घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं?"

"म्या एकलीच तर हाय. पयली बी म्याच आन शेवटची बी म्याच."

ताईचा अख्खा सिद्धांत तिथंच आडवा झाला. आम्ही दोघी हसलो.

"आणि दूध? दूध घेता का?"

"घेती की. रोज घेती."

मी तोंड उघडलं, तर ताईनं फॉर्माखालून माझा हात दाबला. तिनं रकान्यात 'रोज' लिहिलं.

औरंगाबादला जाऊन काचांना रंग दिला आणि एकेक बघायला घेतली. तांबडी पेशी मध्ये जराशी फिकी असतेच. अशक्त रक्तात तो फिका भाग वाढत जातो. मायच्या काचेवर तो इतका वाढला होता की पेशींच्या नुसत्या कडा उरल्या होत्या. बारीक, रिकाम्या, लहान मुलीच्या बांगड्यांसारख्या. अठ्ठावन्न काचांत इतकं फिकं रक्त दोघी-तिघींचंच होतं. मी डोळा लावून बसले. मी पाच-सहा वर्षं पेशी बघत होते आणि ह्या बाईच्या पोटी जन्मले होते. तिला दम लागतो, चढण चढताना ती मध्येच थांबते, बोलता बोलता भिंतीला टेकते, हे सगळं मी बघत आले होते आणि वय झालं म्हणून सोडून देत होते. वय कसलं? पंचेचाळीसचीही नव्हती.

सरांनी काच बघितली, फॉर्म बघितला. "दारात म्हैस, घरात एकटी, रोज दूध पिते म्हणते आणि रक्त असं? ह्या दोन्हींचा मेळ बसत नाही. शिवाय नात्यातली बाई. हा नमुना काढून टाका." सर वाईट नव्हते. शास्त्र तसंच चालतं, जो मोती दोऱ्यात बसत नाही तो बाजूला ठेवतात.

ताई तिथंच होती. ती म्हणाली, "सर, ती खोटं बोलली आहे. खोटं का बोलली हेच तर मला हवंय. काढू नका." मग बाहेर आल्यावर मला म्हणाली, "जा आणि विचार. पण लेक म्हणून भांडू नकोस. मी विचारते तसं विचार आणि गप्प बसून ऐक."

गप्प बसणं हा माझा विषय नव्हे. तरी मी गेले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडून दोन महिने पुरतील इतक्या लोहाच्या गोळ्या घेतल्या आणि पहाटेच्या एसटीनं निघून संध्याकाळच्या धारेला घरी पोचले. माय मला बघून कावरीबावरी झाली. मागच्या वेळचं भांडण तिच्या डोळ्यांत अजून होतं. मी तिच्याबरोबर डेअरीवर गेले.

डेअरी म्हणजे चावडीशेजारची एक खोली. रांग होती. मायच्या पुढं सोसायटीच्या चेअरमनचा गडी, मागं थोरल्या बाईंची सून. मायची पाळी आली. तिनं किटली वाकडी केली आणि दूध कॅनमध्ये पडलं. ती बघत राहिली, शेवटचा थेंब पडेपर्यंत. मग किटली पालथी धरून जरा हलवली. मी तिचा चेहरा बघत होते. असा चेहरा मी माझ्या निकालाच्या दिवशीही बघितला नव्हता.

परत येताना मी विचारलं, "माय, तू दूध पीत नाहीस. ताईला खोटं का सांगितलंस?"

"मग काय सांगू? शिकल्याली बाई घरी आलेली. म्हैस दारात हाय आन तुझी माय कोरा चा पिती म्हनू? तिनं तुला काय म्हनलं आस्तं?"

"ते राहू दे. पण पीत का नाहीस? अर्धा शेर मागं ठेवलास तर कोण विचारतंय?"

माय बराच वेळ चालत राहिली. मी गप्प बसले. ताईनं सांगितलं होतं तशी.

"तू पाळन्यात व्हतीस," ती म्हणाली. "तवा आपन पयली म्हैस घेतली. म्या दूध घिऊन वरच्या आळीला गेले. कुनी घेतलं न्हाय. शिव्या न्हाय दिल्या, काय न्हाय, नुस्तं घेतलं न्हाय. चार दिस न्हेलं, चार दिस माघारी आनलं. मग तुझ्या दादानं म्हैसच इकली."

आम्ही वस्तीच्या चिंचेपाशी आलो होतो. ती दम घ्यायला थांबली.

"आता चेरमनचं दूध आन माझं दूध एकाच कॅनात पडतं. एकडाव पडलं की कुनी बी यावं आन माझं येगळं काडून दाखवावं. न्हाय काडता येत. तू म्हन्तीस आर्दा शेर मागं ठिव. तेवढं मागं ठिवलं की तेवढं पुन्यांदा येगळं झालं की गं."

अकरा पानांच्या फॉर्ममध्ये ह्याला रकाना नव्हता. माझ्या काचेवरही नव्हता. ताईच्या चहासाठी तिनं कॅनातलं दूध का आणलं हे मला तिथं चिंचेखाली कळलं. पाहुणीला तिनं गावाचं दूध पाजलं होतं. मी तिच्या हातातली किटली घेतली आणि आम्ही घरी आलो.

गोळ्या दिल्या. रोज एक, जेवणानंतर, विसरायचं नाही, असं दहादा बजावलं. तिनं दहादा मान डोलावली. महिन्यानं गेले तर गोळ्या संपलेल्या. दोन महिन्यांच्या गोळ्या महिन्यात कशा संपतील? मी घाबरले. विचारलं तर म्हणाली, "पान्याच्या रांगेत वाटल्या. एकेकीला एक. समद्यांचं माझ्यापायी दोनदा रगत गेलं व्हतं." तिनं स्वतः एक घेतली होती. सगळ्यांबरोबर. पालथ्या घड्यावर पाणी! मी डोक्याला हात लावून बसले आणि माय हसायला लागली, मग मलाही हसू आवरेना. तिचं हसणं मोठं होतं, पत्र्यावर गारा पडल्यासारखं. ते हसणं आता कुठंच नाही.

प्रबंध झाला. मी अठ्ठावन्न नंबर काढला नाही. पण 'रोज' हा शब्दही खोडला नाही. खोडला असता तर त्याच्या जागी काय लिहिणार होते? ताईनं तिच्या प्रबंधात कॅनावर अख्खं एक प्रकरण लिहिलं. त्यात माय अठ्ठावन्न नाही, 'एक स्त्री' आहे. ते प्रकरण मी मायला वाचून दाखवलं होतं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ह्यात म्हशीचं कायच न्हाय लिवलं व्हय?"

मला नोकरी लागली, उस्मानाबादला. मी तिला म्हणायचे, माझ्याकडं ये. ती यायची, आठ दिवस राहायची, म्हशीची आठवण काढून परत जायची. मी पुन्हा गोळ्या दिल्या, पुन्हा रागावले, इंजेक्शनंही करून आणली. थोडं सुधारायचं, पुन्हा तेच. कितीतरी वर्षांनी, वर्गात शिकवत असताना, एकदम मला सुचलं की तिला दूध पाजायचा उपाय तिनं स्वतःच मला दाखवला होता. कॅनातलं पाव शेर. सगळ्यांचं दूध एक झाल्यावर त्यातलाच रोजचा रतीब तिच्यासाठी बांधून द्यायचा. ते तिनं नक्की प्यायलं असतं, कारण ते वेगळं राहिलं नसतं. नुसत्या दुधानं रक्त वाढत नाही, पण अंगात थोडी तरी ताकद आली असती. पेशी शिकलेली मी आणि समाज शिकलेली ताई, दोघींना ते सुचलं नाही. मी गोळ्या नेत राहिले. सुचलं तेव्हा माय जाऊन तीन वर्षं झाली होती. मी खडू खाली ठेवला आणि मुलांना म्हणाले, आज तास इथंच संपला.

ती गेली तेव्हा मी अशाच एका तासावर होते. निरोप आला, मी पोचले, तोवर दुपार झाली होती. सगळं उरकलं. संध्याकाळी म्हैस हंबरायला लागली. तिची धार काढायची कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी उठणार तोच थोरल्या बाईंची सून आमच्या दारात आली. डोक्यावर पदर. तिनं मायची किटली खुंटीवरून काढली, धार काढली आणि किटली घेऊन डेअरीकडं निघाली. वरच्या आळीची बाई आमच्या घरचं दूध घेऊन भर रस्त्यानं चालली होती. मी दारातून बघत राहिले. मायला ते दिसायला हवं होतं, एवढंच माझ्या मनात येत होतं, आणि मी तेव्हा पहिल्यांदा रडले.

परवा माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली होती. आता तीच प्राध्यापिका आहे. कपाटातली लाकडी पेटी तिनं उघडली. बाकीच्या काचा मी केव्हाच विभागाला देऊन टाकल्या, पेटीत एकच आहे, अठ्ठावन्न नंबरची. तिनं ती उजेडाकडं धरली.

"मॅडम, ह्याचा रंग पार उडालाय. काही दिसत नाही आता. मी परत रंगवून देऊ? आधीचा रंग काढून, पाण्याखाली धरून स्वच्छ धुवायची फक्त."

"नको," मी म्हणाले.

"काही होत नाही मॅडम, थर पक्का असतो."

"नको म्हटलं ना."

माझा आवाज चढला असावा, ती दचकली. मी तिच्या हातातून काच काढून घेतली. खरंच काही दिसत नव्हतं, मधोमध थोडासा पिवळट डाग होता. मायनं जन्मात कधी स्वतःसाठी अर्धा शेर मागं ठेवला नाही. हा एवढा एक थेंब तेवढा तिनं मागं ठेवला आहे. मी तो पदरानंही पुसला नाही, तसाच पेटीत ठेवला आणि पोरीला म्हटलं, बस, चहा टाकते. तिच्यासाठी दुधाचा केला. माझा कोरा.